रक्तगटाचा रकाना

चूक माझी होती. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो, कारण गेल्या काही महिन्यांत ती चूक वाटून घ्यायला बरेच जण पुढे आले. आई म्हणाली, नशिबाची. माझा मोठा भाऊ म्हणाला, यंत्रणेची. ऑफिसातले सहकारी म्हणाले, त्या काळी सगळेच असं करायचे. मी कोणालाही वाटा देणार नाही.

बावीस वर्षांपूर्वी मी केंद्र सरकारच्या नोकरीत दिल्लीला रुजू झालो, तेव्हा ओळखपत्रासाठी एक फॉर्म भरायला दिला होता. नाव, पदनाम, जन्मतारीख आणि सगळ्यात खाली रक्तगट. मला माझा रक्तगट माहीत नव्हता. टेबलापलीकडचा कारकून म्हणाला, "खाली मत छोड़िए, फॉर्म वापस आ जाएगा." माझ्या भावाचा, दादाचा, रक्तगट बी निगेटिव्ह. मिरजेत त्यासाठी तो प्रसिद्ध होता. दवाखान्यातून निरोप आला की शाळेत शिकवत असलेला तास सोडून रक्त द्यायला जायचा, आणि आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्या घराचं रक्तच दुर्मीळ." सख्ख्या भावाचं ते माझं, असं धरून मी रकान्यात बी निगेटिव्ह लिहिलं. तपासायचं म्हणजे बोट पुढे करावं लागलं असतं, आणि मला सुईची भीती वाटते. ऑफिसात रक्तदान शिबिर असलं की मी त्या दिवशी हमखास रजेवर असायचो. आज मी सेहेचाळीस वर्षांचा आहे आणि हे पहिल्यांदाच कबूल करतोय.

फॉर्मवरून ते ओळखपत्रावर आलं. ओळखपत्रावरून आरोग्य कार्डावर, तिथून विम्याच्या कागदावर, तिथून लायसन्सवर. चार ठिकाणी छापलं गेल्यावर मलाही ते खरं वाटायला लागलं.

माझ्या बायकोचा, मेधाचा, रक्तगटही बी निगेटिव्ह. तिचा मात्र खरोखर तपासलेला. आई निगेटिव्ह आणि पोटातलं मूल बापावर जाऊन पॉझिटिव्ह असेल, तर आईचं शरीर मुलाच्या रक्ताला परकं समजू शकतं आणि त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवतं. पहिल्या खेपेला सहसा निभावतं. पुढच्या मुलाच्या रक्तपेशी मात्र मोडू लागतात आणि त्यातून कावीळ होते. हे टाळायला एक इंजेक्शन असतं. गरोदरपणात, बाळंतपणानंतर किंवा गर्भपातानंतर देतात. आईबाप दोघंही निगेटिव्ह असतील तर त्याची गरज नसते. विज्ञान एवढंच पुरे, मी डॉक्टर नाही.

सहा वर्षांपूर्वी माझी बदली भोपाळला झाली होती. तिथे चौथ्या महिन्यात मेधाचा गर्भ गेला. डॉक्टरांनी विचारलं, यांचा रक्तगट काय? मी पाकिटातून कार्ड काढलं. त्या म्हणाल्या, मग इंजेक्शन नको. कॉटवरून मेधा म्हणाली, "एकदा तपासून घे ना. दोन मिनिटांचं काम आहे."

मी म्हणालो, "मेधा, सरकारी कार्ड आहे."

पुन्हा दिल्लीला आलो. लक्ष्मीबाई नगरात क्वार्टर मिळालं. मेधा एकोणचाळीस वर्षांची असताना, आम्ही आशा सोडल्यावर, दिवस राहिले. नव्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: पतीचा रक्तगट, रिपोर्ट जोडणे. मी कार्डाची झेरॉक्स काढली, खाली सही केली, 'स्वप्रमाणित' असं लिहिलं आणि फाईलला लावली. दिवसभर ऑफिसात मी हेच करतो. माझ्याच हाताने लिहिलेल्या थापेवर मीच सही करून ती खरी ठरवली. फाईलमध्ये दोघंही निगेटिव्ह झाले, आणि मेधाच्या रक्तात ती लढायची तयारी झाली आहे का हे बघणारी जी चाचणी करायला हवी होती ती झालीच नाही.

खरा उजेड

जानेवारीत, एका मंगळवारी दुपारी मुलगी झाली. सिझेरियन होतं. मेधाची आई नाही, म्हणून बाळंतपणाला माझी आई मिरजेहून आली होती. मुलीच्या पायाला पट्टी बांधली होती: 'बेबी ऑफ मेधा'. आई म्हणाली, "बापाचं नावच नाही." मी म्हणालो, "हॉस्पिटलचा नियम असतो." आज वाटतं, बरोबर लिहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास मेधा म्हणाली, "सुनील, ट्यूबलाईट बंद कर आणि पडदा सार."

"बाहेर धुकं आहे."

"असू दे. मला खरा उजेड हवाय."

मी पडदा सारला. तिने बाळाच्या नाकाच्या शेंड्यावर हलकेच बोट दाबलं आणि उचललं. बोटाखालची कातडी पिवळी होती. मग कपाळावर दाबलं. तिथेही पिवळी.

"अगं, सगळ्याच बाळांना होते," आई म्हणाली. "दादाला झाली होती, ह्याला झाली होती. आठ दिवस कोवळ्या उन्हात धरलं की उतरते."

"आई, ऊन कुठंय?"

"हो, ते एक आहेच. इथलं ऊनसुद्धा सरकारी. साडेअकराला येतं, चारला जातं."

मी हसलो. आणि म्हणालो, "दहाला डॉक्टर राउंडला येतीलच. तेव्हा दाखवू."

मेधा हसली नाही. तिने उशाशी असलेली बेल दाबली आणि बोट काढलंच नाही. बाहेरून ओरडा आला, "आ रही हूँ, आ रही हूँ," तरी काढलं नाही. नर्स आत आल्यावरच सोडलं. टाके ओले असताना, उठून बसता येत नसताना त्या बाईने दोन तास वाचवले. मी ते घालवायला निघालो होतो.

बालरोगतज्ज्ञ बाई बारीक चणीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांनी बाळाला खिडकीपाशी नेलं, पोटावर, मांडीवर बोट दाबून पाहिलं. आईने आपलं उन्हाचं सांगितलं. त्यांना मराठी येत नव्हतं, पण 'ऊन' हाताच्या खुणेवरून कळलं. त्या म्हणाल्या, "माँजी, तीसरे दिन का पीलिया और पहले दिन का पीलिया, दो अलग बातें हैं." आणि बाळाला घेऊन गेल्या.

हे वाक्य मी जो भेटेल त्याला सांगतो. बहुतेक बाळांना दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थोडी कावीळ होते आणि उतरते, हे खरं आहे. पण जन्मल्यापासून पहिल्या चोवीस तासांत बाळ पिवळं दिसलं, तर राउंडची वाट बघू नका. बेलवरचं बोट काढू नका.

जिना

हा भाग मी पहिल्या खर्ड्यात गाळला होता. मेधाने खर्डा वाचून परत दिला. "तो प्रश्न लिही," म्हणाली. "तो नसेल तर बाकीचं कशाला लिहितोस?"

दुपारी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी मला पहिल्या मजल्यावर, नवजात बाळांच्या कक्षाच्या काचेच्या दारापाशी बोलावलं. म्हणाल्या, आई निगेटिव्ह, बाळ पॉझिटिव्ह, बाळाच्या रक्तपेशी मोडताहेत. आपला रक्तगट काय? मी नेहमीप्रमाणे पाकीट काढलं. त्यांनी कार्डाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"कार्ड रहने दीजिए. नीचे लैब में जाकर अपना ख़ून टेस्ट करवाइए. अभी."

मग म्हणाल्या, बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलंय. चार तासांनी पुन्हा मोजू. तरीही चढत राहिलं तर तिचं रक्त बदलावं लागेल, नाहीतर हे पिवळं मेंदूत उतरू शकतं. ऐकू येणं, हालचाल, सगळ्यावर परिणाम होतो. मी मान हलवत होतो. ऐकत होतो की नाही, सांगता येत नाही.

कॉरिडॉरमधून दादाला फोन लावला. दादा मिरजेत हायस्कूलला विज्ञान शिकवतो. सगळं ऐकून तो म्हणाला,

"सुन्या, दोघं निगेटिव्ह असतील तर मूल पॉझिटिव्ह होत नाही रे. हे मी पोरांना तक्ता काढून शिकवतो."

"म्हणजे?"

"म्हणजे लॅबची चूक असेल." मग हळू आवाजात म्हणाला, "तू सध्या कोणाशी बोलू नकोस."

लॅब तळमजल्यावर होती. मेधाची खोली दुसऱ्या मजल्यावर. मी पहिल्या मजल्यावर उभा होतो. डॉक्टरांनी स्पष्ट शब्दांत खाली जायला सांगितलं होतं. मी वर गेलो.

आई खुर्चीत बसून दुपट्यांच्या घड्या करत होती. मेधा भिंतीला टेकून, दुखणं दाबत, स्टीलच्या वाटीत दूध काढत होती. दूध कसलं, चमचाभर चीक. मी दारातच उभा राहून म्हणालो, "मेधा, मुलगी पॉझिटिव्ह आहे. दोघं निगेटिव्ह असले तर असं होत नाही. तुला मला काही सांगायचंय का?"

आईचे हात थांबले.

मेधाने मान वर केली. आधी तिला कळलंच नसावं. मग कळलं, आणि ते कळताना मी तिच्याकडे बघत होतो. त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. तिने वाटीवर झाकण ठेवलं आणि ती माझ्यापुढे धरली.

"हो, सांगायचंय. हे तिला नेऊन दे, गार व्हायच्या आत. बाकी नंतर."

कार्डात रक्त नसतं

चार तासांनी मोजलं तेव्हा आकडा दिव्याला न जुमानता चढला होता. डॉक्टर म्हणाल्या, रक्त बदलूया. आजच, थोड्याच वेळात. बी निगेटिव्हची ताजी पिशवी हॉस्पिटलच्या रक्तपेढीत होती. तिच्या बदल्यात कोणीतरी रक्त द्यायला हवं होतं, कोणत्याही गटाचं चालेल. मी म्हणालो, "कोई भी क्यों? मेरा लीजिए. मैं ख़ुद बी निगेटिव हूँ." तोवर मी लॅबमध्ये गेलोच नव्हतो. डॉक्टरांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

रक्तपेढीतला तंत्रज्ञ माझ्याच वयाचा, जाड चष्म्याचा. फॉर्ममध्ये पुन्हा तो रकाना होता. मी सवयीने भरला. त्याने माझं बोट धरलं. मी डोळे मिटले. त्याने टोचलं, आणि मी उघडले तेव्हा तो काचेच्या पट्टीवर रक्ताचे थेंब काडीने ढवळत होता. पट्टी जरा तिरकी करून उजेडात धरली.

"बी पॉज़िटिव, सर."

"नहीं, निगेटिव. देखिए, कार्ड है."

त्याने दुसरी पट्टी घेतली. पुन्हा तेच. मी म्हणालो, एकदा अजून. तो चिडला नाही. तिसऱ्यांदा माझ्यासमोर थेंब टाकले आणि बोटाने दाखवलं. थेंबात लाल रवा धरला होता.

"पर कार्ड में तो..."

"कार्ड में ख़ून थोड़े ही होता है, सर."

एवढंच होतं. दोन मिनिटांचं काम, मेधा म्हणाली होती तसंच. बावीस वर्षं मी ज्याला भ्यालो ते एक टोचणं होतं आणि तेवढ्यात भोपाळचं, दिल्लीचं, वरच्या खोलीतल्या त्या प्रश्नाचं, सगळ्याचं उत्तर मिळालं. खाटेवर आडवा झालो. त्याने रक्त घेतलं. भीती वाटलीच नाही. लाज एवढी होती की दुसऱ्या कशाला जागा नव्हती.

पहिल्या मजल्यावर रक्त बदलायला घेतलं तेव्हा मेधा ऐकेना, चाकाच्या खुर्चीवरून खाली आली. आम्ही दोघं काचेबाहेर. आत बाळाच्या नाळेतून बारीक नळी घातली होती. थोडं जुनं रक्त काढायचं, तेवढंच नवं घालायचं, पुन्हा काढायचं, पुन्हा घालायचं. लिसी नावाची मल्याळी सिस्टर प्रत्येक वेळी मोठ्याने आकडा सांगत होती आणि दुसरी कागदावर लिहीत होती. जवळजवळ दोन तास. ती दोन वीत लांबीची मुलगी आणि तिच्या भोवती हिरव्या कपड्यांतली चार माणसं.

"मी पॉझिटिव्ह आहे," मी म्हणालो. "कार्ड चुकीचं होतं. मी कधी तपासलंच नव्हतं."

मेधा काचेतून बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे भोपाळला ते इंजेक्शन द्यायला हवं होतं."

"हो."

"आणि या वेळीही कळलं असतं."

"हो. चूक झाली मेधा. मला माफ कर."

"बरं," ती म्हणाली. मला वाटलं, झालं. माफी मागून झाली आणि मिळूनही झाली. माझा स्वभावच असा आहे, सही झाली की प्रकरण बंद.

निळ्या दिव्याखाली

रक्त बदलल्यावर आकडा उतरला, मग थोडा चढला, मग पुन्हा उतरला. सहा दिवस ती दिव्याखाली होती. अंगावर फक्त लंगोट, डोळ्यांवर काळी पट्टी. दर थोड्या वेळाने सिस्टर तिला भाकरीसारखी उलटायची. तिच्या टाचेला सारखं टोचून रक्त घ्यायचे, आणि मी प्रत्येक वेळी काचेला नाक लावून बघायचो. स्वतःला लावलेला नियम होता तो: तिला टोचताना मान वळवायची नाही.

बाहेर स्टीलच्या खुर्च्यांवर आम्ही बाप मंडळी बसायचो. दार उघडलं की सगळ्यांच्या माना वर. "बेबी ऑफ मेधा," असा पुकारा झाला की मी उठायचो. तिथे मला कोणी नावाने ओळखत नव्हतं. सिस्टरसाठी सगळेच 'पापा'. घड्याळ काढा, कोपरापर्यंत हात धुवा, गाऊन घाला, दोन मिनिटं बघा, निघा.

आणि फोन. सल्ले देणाऱ्यांना दिल्ली लांब वाटत नाही. पुण्याहून मेधाची मावशी: अंगावरचं बंद कर, तुझं दूधच बाधलंय. सांगलीहून माझी आत्या: ग्लुकोजचं पाणी पाज. शेजारच्या क्वार्टरमधल्या मिश्राजींच्या सौभाग्यवती तर काविळीवर म्हणून बाळाच्या गळ्यात घालायची माळच घेऊन आल्या. कोणीतरी म्हणालं, बाळंतिणीला हळद देऊ नका, पिवळं उतरायचं नाही.

मेधा फोन स्पीकरवर ठेवून दूध काढत असायची. दर दोन-अडीच तासांनी, गजर लावून.

"मावशी," एकदा ती म्हणाली, "डॉक्टरांनी दूध पाजायला सांगितलंय. जितकं पिईल तितकी शी होईल, तितकं पिवळं बाहेर पडेल. मी बंद करणार नाहीये. आणि आज जेवायला हळद घातलेलं वरणच आहे. तू काय खाल्लंस?"

मिश्राबाईंची माळ तिने सलाईनच्या स्टँडला अडकवली. म्हणाली, "याच्या तब्येतीला बरी."

माझ्या आईनेही त्या दिवसांत एक गोष्ट केली. उन्हाचं नाव तिने पुन्हा काढलं नाही. नातेवाइकांचे फोन तीच घ्यायला लागली आणि ठसक्यात सांगायची, "पहिल्या दिवसाची कावीळ ती, उन्हाने जाते का?" जशी काही ती जन्मापासून हेच सांगत आली होती.

मुलगी मात्र कोणाचंच ऐकत नव्हती. डोळ्यांवरची पट्टी लाथा झाडून, डोकं घासून सरकवायची. लिसी सिस्टर पुन्हा बसवायची, ही पुन्हा सरकवायची. "पापा, ये लड़की दादागिरी करती है," सिस्टर म्हणाली. मला तेवढं बळ पुरलं. जिच्या रक्तातल्या पेशी मी मोडायला लावल्या होत्या, ती मुलगी पट्टीशी भांडत होती. मग मी कोण रडत बसणारा?

भीती एका गोष्टीची होती: ऐकू येणं. पाचव्या दिवशी आत कोणाच्या तरी हातून स्टीलच्या ट्रेचं झाकण फरशीवर पडलं. केवढा तरी आवाज झाला. दिव्याखाली माझ्या मुलीने दोन्ही हात झटकन फैलावले, दचकली आणि भोकाड पसरलं. डॉक्टर म्हणाल्या, यावरून काही ठरत नाही, नंतर रीतसर चाचणी करू. मला ते पटलं. तरी खाली जाऊन मी त्या झाकणाच्या नावाने चहा प्यालो.

ज्याने विचारलं त्याला

घरी आल्यावरही सुटका नव्हती. अशा बाळांचं रक्त पुढचे काही आठवडे कमी होत राहतं, म्हणून दर थोड्या दिवसांनी तपासणी. एकदा बाहेरून रक्त द्यावंही लागलं. बारसं घरीच केलं, चार शेजारी बोलावून. नाव ठेवलं रेवा. भेटायला येणारे विचारायचे, काय झालं होतं? मी काही बोलायच्या आधी फोनवर दादाने सूचना देऊन ठेवली होती: कावीळ झाली होती, सगळ्यांनाच होते, एवढंच सांग.

मी तसं सांगितलं नाही. प्रत्येकाला सांगितलं की रक्तगट मी अंदाजाने लिहिला होता. तुमचा तपासलेला आहे का? आमच्या सेक्शनमधल्या अकरा जणांपैकी चौघांनी मान खाली घातली. त्यांना मी जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्ये नेलं, माझ्या खर्चाने नाही, माझ्या दटावणीने. एकाचा खरोखर चुकीचा निघाला.

कार्ड बदलायला गेलो, तर प्रशासनातला माणूस म्हणाला, "बीस-बाईस साल से चल रहा था, आगे भी चल जाता." मी म्हणालो, चाललं नाही. त्याने विचारलं, बदलाचं कारण काय लिहू? मी म्हणालो, "लिखिए, कर्मचारी ने झूठ लिखा था." त्याने 'लिपिकीय त्रुटि', म्हणजे कारकुनी चूक, असं लिहिलं. मी ते खोडायला लावलं. तीन आठवडे फाईल अडली. अडू दे.

हे छापायला देतोय म्हटल्यावर दादाचा पुन्हा फोन आला.

"अरे, घरातली गोष्ट. मेधाची बदनामी होईल."

"तिची कशाने होईल, दादा? ती बरोबर होती. बदनामी माझी आहे आणि ती मी स्वतःच्या सहीने करणार आहे."

"माझं नाव घालू नकोस बाबा. तक्त्याचं तर अजिबात नको."

"तक्ता बरोबर होता तुझा. त्यात घातलेली माहिती माझी होती."

 मग म्हणाला, "पुढच्या वर्षीपासून तो धडा शिकवताना आधी वर्गाला लॅबमध्ये नेईन."

दुसरी माफी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ऐकण्याची चाचणी झाली. रेवाला झोपवून डोक्याला तारा लावल्या, आणि आम्ही दोघं श्वास धरून बसलो. दोन्ही कान उत्तम. हालचालीही वयाप्रमाणे. डॉक्टर म्हणाल्या, तपासण्या चालू ठेवायच्या, पण आता घाबरू नका. त्या पहिल्यांदाच हसल्या.

त्याच आठवड्यात नवं ओळखपत्र मिळालं, आणि आईचं मिरजेला परतायचं तिकीट होतं. निघायच्या दिवशी सकाळी तिची बॅग दाराशी ठेवलेली होती. आई स्वयंपाकघरात प्रवासासाठी धपाटे करत होती. मेधा रेवाला मांडीवर घेऊन बसली होती. मी नवं कार्ड तिच्यापुढे ठेवलं.

तिने वाचलं. "बी पॉझिटिव्ह. छान." आणि परत दिलं.

मी तिथेच उभा. तीन महिने ती माझ्याशी सगळं बोलत होती: औषधाच्या वेळा, दूध, गॅसचा सिलिंडर. भांडण नव्हतं. पण पूर्वी ती मला ऑफिसातून आल्यावर जे काय काय सांगायची, ते बंद झालं होतं.

"मी माफी मागितली होती ना," मी म्हणालो. "काचेबाहेर, त्या दिवशी."

"कार्डाची मागितलीस. भोपाळची मागितलीस. ते मी त्याच दिवशी सोडून दिलं, चूक कोणाकडूनही होते." तिने रेवाला खांद्यावर घेतलं, पाठीवर थोपटायला लागली. "तो प्रश्न चूक नव्हता, सुनील. आणि तो तू आईंसमोर विचारला होतास."

स्वयंपाकघरातला थापण्याचा आवाज थांबला होता.

मला आठवलं, त्या दिवशी मी पहिल्या मजल्यावर उभा होतो आणि दोन्हीकडे जिना होता. मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. "आई, जरा बाहेर ये."

"अरे, गाडी येईल आता."

"थांबेल ती. ये."

आई पदराला हात पुसत येऊन उभी राहिली. खालून गाडीवाल्याचा फोन आला, तो मी बंद केला. मेधा उठली नाही. मीच तिच्यासमोर खाली, फरशीवर बसलो, कारण उभ्याने बोलायला मला जमेना. रेवाने तिच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो:

"मेधा, त्या दिवशी डॉक्टरांनी मला खाली जाऊन माझं रक्त तपासायला सांगितलं होतं. मी वर आलो आणि तुला विचारलं. माझ्या खिशात एक कार्ड होतं, त्यावर मी स्वतः खोटं लिहिलेलं होतं. समोर तू होतीस, दहा वर्षांत माझ्याशी एकदाही खोटं बोलली नव्हतीस. मी त्या कार्डावर विश्वास ठेवला. हे मी आईसमोर सांगतोय, कारण तेव्हाही ती तिथेच होती. ती नुसती चूक नव्हती, मी अन्याय केला होता. मला माफ कर."